सामाईक कुरणाचे दोन भाष्यकार

जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं व म्हणून त्याचा नाश ठरलेला, असा समज सुशिक्षितांत बराच रुजला आहे. त्याचें श्रेय, वा अपश्रेय, गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाच्या ‘सायन्स’ नियतकालिकांत १९६८ सालीं आलेल्या निबंधास दिलें पाहिजे. प्रत्येक गुराखी सामाईक कुरणांत एक जनावर अधिक सोडतो. लाभ त्याचा एकट्याचा, हानि मात्र सर्वांत वांटली जाते. अखेर कुरण उजाड होतें. नदींत घाण सोडणें हा याच व्यवहाराचा उलटा प्रकार, हें हार्डिन यांचें म्हणणें निबंधांतील सर्वांत मोलाचें आहे. परंतु या प्रसंगास त्यांनीं ‘शोकांतिका’ म्हटलें, तें आम्हांस पटत नाहीं. शोकांतिकेंतील पात्रें निदान एकमेकांशीं बोलतात. हार्डिन यांचे गुराखी मुके आहेत! ‘व्यवस्था नसलेलें’ हें विशेषण गाळण्यांत आपली चूक झाली, असें त्यांनींच १९९८ मध्यें मान्य केलें.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ (१९९०) या ग्रंथांत गुराखी बोलूं लागतात. हिवाळ्यांत ज्यास जितकीं गुरें पोसतां येतील तितकींच त्यानें उन्हाळ्यांत डोंगरावर धाडावीं, हा स्वित्झर्लंडांतील टोर्बेल गांवचा नियम १५१७ सालचा आहे. स्पेनमधील व्हॅलेन्सियाचें जलन्यायालय दर गुरुवारीं कॅथेड्रलच्या दाराशीं बसून शेतकऱ्यांचे तंटे तोंडींच निकालांत काढतें. पांझराकांठची फडपद्धति ज्यांनीं पाहिली आहे त्यांस यांत परकें कांहींच वाटणार नाहीं.

बाईंची भाषा रुक्ष आहे, पण प्रामाणिक आहे. आपलें विवेचन ५० ते १५,००० माणसांच्या लहान व्यवस्थांपुरतेंच असून एकानें घाण करावी व दुसऱ्यानें ती भोगावी असे प्रसंग आपण वगळले आहेत, असें त्या स्पष्ट लिहितात. २००९ च्या नोबेल पारितोषिकानंतर त्यांचे जे स्तुतिपाठक निघाले त्यांस ही मर्यादा आठवत नाहीं. कारखान्यांच्या सांडपाण्यासही ते ग्रामसभेचाच उतारा सुचवितात. वरच्या अंगाच्या कारखानदारास खालच्या गांवचें पाणी प्यावें लागत नाहीं. मग त्यानें गांवकऱ्यांसह एका दाराशीं कां म्हणून बसावें? तेथें दंडशक्तीच हवी, आणि आपल्याकडील १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा तिच्याच आधारावर उभा आहे. या ग्रंथाचें मराठी भाषांतर कोणी हातीं घेतल्यास मर्यादांचा तो परिच्छेद त्यानें संक्षेपाच्या नांवाखालीं गाळूं नये, एवढीच आमची सूचना आहे.