'श्वास' आणि उतारशाळा

आजारपणावरील कलाकृती पाहताना आपण बहुधा रुग्णाच्या धैर्याने भारावून जातो. त्या धैर्याला आधार कोणी दिला, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' या चित्रपटाने तो प्रश्न पुढे आणला, म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही त्याचा पुनर्विचार करावा असे आम्हांस वाटते. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला आणि 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी त्याने मराठीला सुवर्णकमळ मिळवून दिले.

कथा साधी आहे. कोकणातील परशुराम या लहानग्या मुलाला डोळ्यांचा कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. मुलाला हे सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. आजोबांची जीभ रेटत नाही. रुग्णालयातील समाजसेविका आसावरी त्यांच्या मदतीला येते, तिचेही शब्द अडखळतात आणि अखेरीस हे अवघड काम डॉक्टरांनाच करावे लागते. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते तेव्हा आजोबा कोणालाही न सांगता नातवाला घेऊन बाहेर पडतात आणि डोळे असेपर्यंत जग त्याला डोळे भरून दाखवून आणतात.

या प्रसंगात चित्रपटाचे सारे सामर्थ्य एकवटले आहे असे आमचे मत आहे. रुग्णालयाच्या शिस्तीने पाहिले तर आजोबांचे वर्तन चुकीचेच आहे, पण त्या दिवसाची गरज औषधांच्या यादीत कोठेही लिहिलेली नव्हती. अरुण नलावडे यांनी हा म्हातारा रंगवताना अश्रूंचे भांडवल केलेले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा गोंधळ अधिक दिसतो आणि मोठ्या रुग्णालयाच्या दारात प्रथमच उभ्या राहिलेल्या खेडूत माणसाचे तेच खरे रूप आहे. आसावरीची भूमिका तर मराठी पडद्याला नवीनच होती. कागद, नियम आणि भेदरलेला माणूस यांच्यामध्ये उभे राहणारे कोणीतरी लागते, ही जाणीव अमृता सुभाष यांनी प्रेक्षकांना करून दिली.

तरीही आम्हां वऱ्हाडातील प्रेक्षकांच्या मनात एक प्रश्न उरतो. हे आजोबा अकोल्याचे वा अमरावतीचे असते तर? आज या दोन्ही शहरांत कर्करोगावर उपचार होतात, पण अनेकांची पावले अजूनही मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे वळतात. अकोल्याहून मुंबई सुमारे पावणेसहाशे किलोमीटर आहे. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग जडलेल्या एखाद्या शेतकऱ्याला किरणोपचार सांगितले जातात. प्रत्येक बैठक काही मिनिटांची, पण ती आठवड्यातून पाच दिवस आणि बहुधा सहा-सात आठवडे घ्यावी लागते. उरलेला दिवस काढायचा कोठे? तोंड सोलून निघाल्यावर भाकर गिळवत नाही, तेव्हा कण्या पातळ करून देणारी चूल कोठे शोधायची? घरी पेरणी खोळंबलेली असते आणि हातचे पैसे संपत येतात. अशा वेळी औषध गुणकारी असूनही माणूस उपचार अर्धवट टाकून गाडीत बसतो.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण नेहमी ऐकतो. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्टी बांधणारा शोमरोनी आपल्या ध्यानात राहतो. परंतु त्याने त्या जखमीला उतारशाळेत नेले, तेथे त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती दोन नाणी ठेवली आणि जास्त लागल्यास परत येताना देईन असा शब्द दिला, हा उत्तरार्ध आपण घाईने वाचतो. 'श्वास'मध्ये पट्टी आहे आणि ती फार हळुवारपणे बांधलेली आहे. पैसा आणि निवारा यांचा प्रश्न मात्र कथेच्या कडेलाच राहतो. काळा चष्मा घातलेला परशुराम होडीतून गावी परततो आणि पडदा पडतो. त्याची पुढली शाळा, आईचे दिवस, आजोबांचे कर्ज यांपैकी काहीही आपल्याला दिसत नाही.

कलाकृतीने सर्वच सांगावे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे. चित्रपट हा अहवाल नव्हे. आमची तक्रार एकट्या 'श्वास'विषयी नाहीच. साहित्यात सांत्वनाचे शब्द जितक्या सहज येतात तितक्या सहज चूल आणि छप्पर येत नाहीत. त्यामुळे आधार म्हणजे गोड बोलणे, असा समज वाचकांत रुजतो.

हा उत्तरार्ध ज्याने पुरता ओळखला तो माणूस आमच्याच मातीतला. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या आणि अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यात मामाच्या घरी गुरे राखत वाढलेल्या डेबूजीने, म्हणजेच गाडगे महाराजांनी, कीर्तनातून लोकांना जागे केले आणि मिळालेल्या पैशातून धर्मशाळा बांधल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. वऱ्हाडचा रुग्ण परक्या शहरात वऱ्हाडच्याच संताच्या छपराखाली निजतो, यावर मराठीत एक मोठी कादंबरी होऊ शकली असती.

आपल्या समाजापुढेही असे उदाहरण आहे. डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली वांद्रे येथे सुरू झालेल्या 'शांती अवेदना'मध्ये बरे होण्याची आशा मावळलेल्या कर्करुग्णांची होली क्रॉस भगिनी शुश्रूषा करतात. तेथे वेदना कमी करण्याचे औषध आणि उशाशी बसणारे माणूस यांना सारखेच मोल आहे.

'श्वास' पुन्हा पाहावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. मात्र तो पाहून डोळे पुसताना आपल्या धर्मग्रामातून या महिन्यात कोण उपचारासाठी मुंबईला गेले आहे आणि ते कोठे उतरले आहे, एवढी चौकशी अवश्य करावी. दोन नाण्यांचा हिशेब तेथूनच सुरू होतो.