राबाची राख आणि सरकारी कागद

दाभोसा म्हटले की वाचकाला लेंडी नदीवरचा धबधबा आठवतो. पावसाळी सहलींवरच्या लेखांनी हे नाव शहरापर्यंत पोचवले. त्या लेखांत माणसे क्वचितच भेटतात, आणि भेटली तर वाट दाखवण्यापुरती. शिमग्याच्या आगेमागे जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर जे काळे चौकोन दिसू लागतात, त्यांचा उल्लेख तर मला एकाही सहललेखात आढळला नाही. ते राब आहेत. त्यांचे सविस्तर वर्णन ब्रिटिश सरकारच्या ठाणे गॅझेटियरने मात्र केले आहे. आदिवासी जीवनाबद्दल आपण काय आणि कुणाच्या नजरेने वाचतो, हा प्रश्न मी या राबापासून सुरू करतो.

राब म्हणजे रोपासाठी जमीन भाजणे. झाडाची कवळ तोडायची, शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वरून माती टाकायची आणि उन्हाळ्यात ते सावकाश जाळायचे. पहिल्या पावसाला त्या राखेत भात, नागली, वरई पेरायची. रोप हाताला आले की आवणी. तणाचे बी जळते आणि रोपाला जोम येतो. कवळीसाठी ऐन छाटला, तरी तो पुन्हा फुटतो, कारण झाड मुळातून कुणी तोडत नाही. ज्याच्याकडे ना बैलजोडी पुरेशी ना विकतचे खत, त्याची सारी शेती या राखेवर उभी असते.

१८७८ साली वनकायदा आला आणि ठाणे जिल्ह्यातील जंगल राखीव होऊ लागले. रेल्वेला, मुंबईच्या बांधकामाला आणि चुलींना लाकूड हवे होते. कवळ तोडण्यावर बंधने आली, ओरड झाली. १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी हाच त्याचा मुख्य विषय होता. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब पूर्ण बंद झाला नाही. पण या साऱ्या कागदपत्रांची भाषा पाहावी. कवळ तोडणे हा ‘हक्क’ नव्हे, ती सरकारने दिलेली ‘सवलत’. माझ्या मते खरी उलथापालथ या एका शब्दात आहे. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. पुढे १८९२च्या मोहाच्या कायद्याने फुले वेचण्या-साठवण्यावरही अशीच नजर ठेवली.

आता एक दूरचे उदाहरण घेतो. कॅलिफोर्नियात, आजच्या सॅन फ्रान्सिस्को उपसागरापासून दक्षिणेला, ओलोनी नावाने ओळखले जाणारे अनेक छोटे समाज राहत. तेही ठरावीक काळाने गवताळ रान जाळत. त्यातून बियांचे गवत दाट येई आणि शिकारीला मोकळे रान मिळे. १७७० पासून स्पॅनिश पाद्र्यांनी त्यांच्या मुलखात एकामागून एक सात मिशने उभी केली. १७९३ मध्ये हंगामी गव्हर्नर आरियागा याने रान जाळण्यावर बंदी घातली. अन्नाची वाट बंद झाली, त्यात स्पॅनिशांची गुरे चरून रान उजाड करत होती, आणि मग मिशनच्या आवारात जाण्यावाचून पर्याय उरला नाही. तिथे गोवर आणि इतर रोगांनी माणसे भराभर मेली. मूळची दहा हजारांहून मोठी मानली जाणारी लोकसंख्या १८५०च्या सुमारास हजाराच्या आसपास उरली. आधी आग विझवायची म्हणजे चूल आपोआप विझते, हे दोन्ही सत्तांना समजले होते.

पण साम्य ओढूनताणून आणू नये. इंग्रजांना इथे आत्मे नको होते. लाकूड आणि महसूल हवा होता. मोखाडा ब्रिटिश मुलखात, शहापूर तालुक्याचा पेटा. शेजारचे जव्हार मात्र १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे, म्हणजे महादेव कोळी राजांचे संस्थान. तिथे राजा आदिवासी असूनही वारली, कोकणा, कातकरी यांच्या वाट्याला फार वेगळे जिणे आले नाही. आणि आज या दोन तालुक्यांत दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. ओलोनींसारखी इथली वस्ती संपली नाही, तिचा जमिनीवरचा शब्द संपला.

माझा मुद्दा त्यापुढचा आहे. नुकसान करणाऱ्यानेच नोंद ठेवली, तर ती कशी वाचावी? मिशनच्या वह्यांत प्रत्येक बाप्तिस्मा आणि मृत्यू लिहिलेला आहे. नाव मात्र स्पॅनिश, नव्याने दिलेले. पुढे १९२५ साली क्रोबर या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात हे लोक व्यवहारतः नामशेष झाल्याचे लिहून टाकले. तेव्हा त्यांची कुटुंबे हयात होती. त्यांचे वंशज आज मुवेक्मा ओलोनी या नावाने संघीय मान्यता मागतात. २००२ मध्ये सरकारने ती नाकारली. मात्र आपली वंशावळ सिद्ध करताना त्यांच्या हाती सर्वांत भक्कम पुरावा आहे तो त्या मिशनच्या वह्यांचाच.

आपल्याकडच्या नोंदींचे तीन थर मला दिसतात. १८८२च्या गॅझेटियरला वारल्यांची दारू आणि कातकऱ्यांची चोरी दिसते. काताचा धंदा हातून गेल्यावर कातकऱ्याने काय खावे, हा प्रश्न त्या शिक्क्यासमोर टिकत नाही. १९३९चा सिमिंग्टन यांचा अहवाल वेठ, कर्ज आणि जमीनदारांचा जाच स्पष्ट सांगतो, पण आदिवासी तिथे चौकशीचा विषय असतो, साक्षीदार क्वचित. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये माणसांना नावे, राग आणि निर्णय मिळाले. मराठीत या पुस्तकाचे ऋण मोठे आहे. तरीही शीर्षकाशी मी अडखळतो. राब कधी भाजायचा, कुठला ऐन यंदा सोडायचा, हे ज्याला ठाऊक तो झोपलेला कसा? १९४५चा उठाव वेठीच्या विरोधात होता, आणि त्या कथेत जंगलाचे ज्ञान मागे पडले. वाचक त्यामुळे वारल्याला शोषित म्हणून ओळखतो, शेतकरी म्हणून ओळखत नाही.

हा वाद पुस्तकी नाही. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियम पुराव्यांच्या यादीत गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल यांना जागा देतात, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांच्या लेखी जबाबालाही. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. म्हणजे ज्या ग्रंथाने कातकऱ्याला चोर म्हटले, त्याच ग्रंथातले राबाचे वर्णन आज एखाद्या पाड्याच्या उपयोगी पडू शकते. त्याच्या शेजारी म्हाताऱ्या माणसाचा जबाब ठेवता येतो.

अडचण अशी की जबाब लिहिणारा बहुधा शिकलेला बाहेरचा माणूस असतो. तो ‘पूर्वीपासून शेती करतो’ एवढेच एक साचेबंद वाक्य लिहून मोकळा होतो. माझे म्हणणे एवढेच की, जबाब घेताना राबाची जागा, कवळीची झाडे, कुठल्या ओहोळापासून कुठल्या टेपापर्यंत कोण तोडत असे, हे सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवावे. वारली, कोकणा, कातकरी बोलींतले शब्द प्रमाण मराठीत बदलू नयेत. गॅझेटियरच्या साहेबांनी राबाला ‘राब’च म्हटले होते, निदान तेवढी तरी शिस्त आपण पाळावी.