मोडलेल्या वाहनाची साक्ष

मुंबईचे मांडणशिल्पकार तुषार जोग (१९६६–२०१८) ह्यांनी २०१० साली मोटरसायकलीवरून मुंबई ते शांघाय असा ५३ दिवसांचा प्रवास केला. सरदार सरोवर आणि चीनमधील थ्री गॉर्जेस ही दोन धरणे त्यांनी मुद्दाम वाटेवर घेतली होती. वाहनास नाव दिले ‘रोसिनान्ते’, म्हणजे पवनचक्क्यांशी झुंजणाऱ्या डॉन क्विक्झोटचा मरतुकडा घोडा. शांघायच्या द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी तेथे पोहोचल्यावर त्यांनी ते वाहन सुटे केले व त्याच्याच भागांतून कलाकृती मांडली.

हा केवळ साहसाचा देखावा नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तसे वाटत नाही. यिर्मयाने मडके फोडले ते लोकांच्या व याजकांच्या वडीलजनांसमक्ष (यिर्मया १९). चिन्ह कोणासमोर मोडले जाते, ह्यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. थ्री गॉर्जेससाठी १२ लाखांहून अधिक माणसे उठविली गेली, आणि तेथील वीज शांघायला जाते. लाभ घेणाऱ्यांच्याच दारी हे वाहन मोडले गेले.

उणीव आहे ती दुसरीकडे. स्वाराचे कष्ट दिसतात. विस्थापिताचा आवाज ऐकू येत नाही. बऱ्हाणपुरात बसून लिहिताना ती आम्हांस अधिक जाणवते. शेजारच्या खंडवा जिल्ह्यातील हरसूद २००४ साली इंदिरा सागर धरणामुळे उठले, तेव्हा तेथील लोकांना आपली घरे आपल्याच हातांनी पाडावी लागली. त्या मोडतोडीस कोणतेही कलादालन लाभले नाही. जोगांच्या कृतीचे मोल सांगताना पाळक व प्रचारक बंधूंनी त्या भिंतींचीही आठवण ठेवावी.