सक्तीचे व्यसनमुक्ती उपचार : पेपरची मोजपट्टी तपासा

डॅन वेर्ब आणि सहकाऱ्यांचा २०१६ सालचा रिव्ह्यू या विषयात सगळेच उद्धृत करतात. सक्तीचे उपचार कितपत लागू पडतात, हा त्यांचा प्रश्न. ४३० अभ्यासांतून निकषांत बसले फक्त ९, तेही सगळे संख्यात्मक. त्यांपैकी ३ मध्ये काहीच फरक नाही, २ मध्ये निष्कर्ष धूसर, २ मध्ये उलटा परिणाम आणि २ मध्ये फायदा. चाळणी कडक आहे आणि निष्कर्ष ओढूनताणून काढलेला नाही. इथवर छानच.

आता मोजपट्टी बघा: पुन्हा नशा केली का, पुन्हा गुन्हा केला का?

ही पट्टी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बायकांना लावून बघू. तिथल्या 'सेक्शन ३५' कायद्यानुसार नवरा, आई, डॉक्टर किंवा पोलीस कोर्टात अर्ज करू शकतात आणि व्यसनी व्यक्तीला ९० दिवसांपर्यंत सक्तीने ठेवता येतं. गुन्हा केलेला असण्याची गरज नाही. तरीही अनेक बायकांना फ्रेमिंगहॅमच्या तुरुंगात पाठवलं जायचं. जानेवारी २०१६ मधल्या कायद्याने ते थांबलं. जिने मुळात गुन्हाच केला नाही, तिच्या बाबतीत 'पुन्हा गुन्हा' हा आकडा काय सांगणार? आणि ती बाहेर येऊन नशेपासून लांब राहिली, तर तुरुंगातल्या दिवसांसकट तिची नोंद 'यशस्वी' अशीच होणार ना?

दुसरी गोष्ट सॅम्पलची. मुलं हिरावून घेतील या भीतीने काही बायका मदत मागायलाच जात नाहीत. हाही सक्तीचाच परिणाम, पण त्या सॅम्पलमध्ये कधी येतच नाहीत. उपचार घेतलेल्यांचा कितीही बारकाईने अभ्यास केलात, तरी हे नुकसान दिसणार नाही.

मग मुलाखती घेतल्या की झालं? तसंही नाही. कोंडलेल्या बाईची सुटका ज्यांच्या हातात आहे, तेच तुम्हाला तिच्यापर्यंत नेणार असतील, तर तिच्या संमतीला आणि 'इथे बरं आहे' या उत्तराला किती वजन द्यायचं? म्हणून मुलाखत कुठे घेतली, आत की सुटकेनंतर, आणि बाईची निवड कोणी केली, हे मेथड्समध्ये आधी शोधा.

वेर्ब यांचा रिव्ह्यू जरूर उद्धृत करा. 'सक्ती उपयोगी आहे असा भक्कम पुरावा नाही' एवढं म्हणायला तो पुरेसा आहे. त्या बायकांवर काय गुजरलं, यासाठी मात्र तो पुरावा म्हणून वापरू नका. तो प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.