शिंपी की छीपा?

कवितेची थोरवी सांगायची वेळ आली की आपल्याकडे ‘वारसा’ हा शब्द हटकून येतो. फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीत अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याआधी चारच महिने मराठीला अभिजात दर्जा मिळाला होता, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींत तो शब्द अंमळ जास्तच ऐकू येत होता. वारसा काय, कपाटातही राहतो. कविता टिकते ती कोणाच्या तरी तोंडी लागल्यामुळे, असे मला वाटते; आणि त्याचा पुरावा संमेलनाच्या तालकटोरा स्टेडियमपासून फार लांब नव्हता. बंगला साहिब गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात अधूनमधून नामदेव ऐकू येतात.

१६०४मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत, अठरा रागांत लावलेली. त्यांची भाषा मराठी नाही, आणि आपल्या गाथेतल्या अभंगांची ती सरळ भाषांतरे आहेत असेही म्हणता येत नाही. भाषांतरावर पोट असणारीला हे अडचणीचेच. मूळ दाखवता येत नाही, भाषांतरकाराचे नाव नाही, तरी कवी परमुलखात असा रुजलेला की पंजाबातले घुमान त्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. २०१५चे संमेलन तिथेच झाले.

मी अडते ती एका शब्दापाशी. महाराष्ट्रात नामदेव शिंपी. ग्रंथसाहिबात ते स्वतःला छीपा म्हणवतात, म्हणजे कापडावर ठशांनी नक्षी छापणारा. कबीरांच्या सलोकांतही त्रिलोचन त्यांना टोकतो तो छपाईवरूनच. भाषांतराच्या वर्गात याला कोणी चूक म्हटले असते. पण आसा रागातले एक पद पाहा. गज, कात्री, सुई, दोरा असे शिंप्याचे सगळे सामान त्यात मन, जीभ, नाम यांच्यासाठी वापरले आहे. आणि त्याच पदातला माणूस कापड रंगवतोही आणि शिवतोही. पंजाबात शिवणारे आणि छापणारे दोघेही ‘छींबा’ या एकाच बिरादरीत मोडतात, आणि ती बिरादरी नामदेवांना आपले मानते. गाणाऱ्याला कवितेत आपली अवजारे सापडली, मग ती कविता त्याची झाली.

दुसरे पद देवळातून उठवून लावल्याचे. आपल्याकडे ही हकीकत औंढा नागनाथाशी जोडलेली आहे, आणि सांगणाऱ्याचा सगळा जोर देऊळ फिरल्याच्या चमत्कारावर असतो. ग्रंथसाहिबातल्या पदात गावाचे नाव नाही. चमत्कार तिथेही आहे, पण शेवटी. आधी कानावर पडते ती जातीवरून हाकललेल्या माणसाची तक्रार, थेट देवाकडे केलेली. ज्या ग्रंथापुढे मंत्र्यापासून मजुरापर्यंत सगळे डोके टेकवतात, त्यात ती बसली आहे. कवितेने जात मोडली असे म्हणायचे धाडस मी करणार नाही. छींबे आजही छींबेच आहेत. मात्र चारशे वर्षांत ती तक्रार कोणाला गाळता आलेली नाही.

मराठी गाथेचे झाले उलटे. तिथे नामदेवांच्या नावावर दोन हजारांवर अभंग जमले. विष्णुदास नामा आणि पुढच्या इतरांनीही तीच मुद्रा वापरली, आणि अभ्यासक अजून निवडटिपण करत आहेत. पंढरपूरचे नामदेव आणि पंजाबातले नामदेव एकच का, अशीही शंका घेतली गेली आहे. शंका रास्त आहे, पण या पदांची किंमत तिच्या उत्तरावर टांगून ठेवायला मी तयार नाही. एकीकडे काना-मात्रा न हलवण्याची शिस्त, दुसरीकडे नाम्याच्या नावाने आपला अभंग रचण्याची मुभा. दोन्हीकडे कवी जगला तो गाणाऱ्यांमुळे. आम्ही नियतकालिकांत छापतो त्या भाषांतरांना यातले काहीच लाभत नाही. ती मुकाट्याने वाचली जातात, तीही एकदाच.

देवळाचे ते पद मी सध्या मराठीत आणते आहे. एखाद्या वारकऱ्याने गाताना छीप्याचा बेधडक शिंपी केला असता, आणि त्याला ते शोभले असते. मी पडले छापणाऱ्यांतली. माझ्या खर्ड्यात ‘छीपा’ तसाच आहे, आणि त्याला तळटीप जोडलेली नाही.