सत्य उघड झाल्यावर : डोरोथी सेयर्स यांच्या ‘गॉडी नाइट’ या कादंबरीविषयी

पाळकाने रहस्यकथा वाचाव्यात काय, असा प्रश्न आमच्याकडे अधूनमधून येतो, आणि विचारणाऱ्याच्या पिशवीत बहुधा एक रहस्यकथा असतेच. बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ व ‘काळा पहाड’ यांनी महाराष्ट्राच्या एका पिढीला वाचनाची गोडी लावली, त्या पिढीत पुढे पाळक व उपदेशक झालेले लोकही होते. या वाङ्मयप्रकाराशी धर्मसेवकांचे वैर नाही, उलट नातेच आहे. रहस्यकथा-लेखकांनी पाळावयाचे दहा नियम १९२९ साली ज्यांनी घालून दिले ते रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू होते. चेस्टरटन यांचा फादर ब्राऊन तर स्वतःच धर्मगुरू असून, गुन्हेगाराचे पाप प्रथम आपल्याच अंतःकरणात शोधल्यावाचून तो त्याला ओळखू शकत नाही. तेव्हा वरील प्रश्नाला आमचे उत्तर असे की, वाचाव्यात. परंतु त्या आपल्याला पापाविषयी काय शिकवितात याकडे लक्ष ठेवून वाचाव्यात. कारण त्या काहीतरी शिकवितातच, आणि ते पुष्कळदा खोटे असते.

विशेषतः जिला सौम्य रहस्यकथा म्हणता येईल तिच्याबाबतीत हे खरे आहे. या कथेत रक्त फारसे दिसत नाही. एखादे खेडे, एखादे धर्मगुरूचे घर किंवा एखादे महाविद्यालय, असे चार भिंतींच्या आतील सुखी जग असते. त्यात एक दुष्कृत्य घडते, सर्वांवर संशय येतो, शेवटी एक जण सापडतो व बाकीचे सुटतात. कवी ऑडेन यांनी १९४८ साली या प्रकारावर एक मार्मिक निबंध लिहिला होता. त्यांचे निदान असे की, वाचकाला येथे आपण निर्दोष असल्याचा आनंद हवा असतो. गुन्हेगार बाहेर गेला की एदेन बाग पुन्हा पूर्वीसारखी होते. हे निदान आम्हांस पटते. उत्पत्तीच्या पुस्तकात मात्र बागेचे दार बंदच राहते.

महाविद्यालय हे अशा कथेसाठी फारच सोयीचे स्थळ होय. फाटक, घंटा, भोजनगृह, वसतिगृह, ग्रंथालय, आणि एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारी व एकमेकांना कंटाळलेली शहाणी माणसे! पी. डी. जेम्स यांनी २००१ साली ‘डेथ इन होली ऑर्डर्स’ या कादंबरीत हेच नेपथ्य एका धर्मशास्त्र-विद्यालयात उभे केले. सेमिनरीत शिकलेल्या कोणाही वाचकास त्यातील प्रार्थनेच्या वेळा, जेवणातील मौन आणि विद्यालय बंद पडण्याची भीती ओळखीची वाटेल. तरी या प्रकारातील श्रेष्ठ कृती तिच्याहून जुनी आहे. ती डोरोथी सेयर्स यांची ‘गॉडी नाइट’, प्रकाशन १९३५. सेयर्स या धर्मगुरूची कन्या. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला त्या १९२० सालीच त्यांना पदवी मिळाली. ‘द माइंड ऑफ द मेकर’ या ग्रंथामुळे व दान्तेच्या भाषांतरामुळे आमच्या वाचकांपैकी काहींना त्या ठाऊक असतील. कादंबरीचे रहस्य आम्ही पुढे फोडणार आहोत. ज्यांना ती आधी वाचावयाची आहे त्यांनी हा अंक खुशाल बाजूस ठेवावा.

‘गॉडी’ म्हणजे ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांतील माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा. हॅरिएट वेन ही रहस्यकथा लिहिणारी स्त्री अशा मेळाव्यासाठी श्रूस्बरी या (काल्पनिक) स्त्री-महाविद्यालयात येते. काही काळाने तेथे निनावी घाणेरड्या चिठ्ठ्या येऊ लागतात. एका अध्यापिकेच्या आयुष्यभराच्या ग्रंथाची मुद्रिते विद्रूप केली जातात. एक कोवळी विद्यार्थिनी त्या चिठ्ठ्यांनी इतकी खचते की नदीत जीव देऊ पाहते. खून मात्र एकही होत नाही. पोलिसांना बोलावले तर महाविद्यालयाची अब्रू जाईल, म्हणून हॅरिएटला शोध करावयास सांगितले जाते. (संस्थेची अब्रू राखण्यासाठी प्रकरण आतल्या आत मिटविण्याची ही ओढ आमच्या मंडळ्यांना अगदीच अपरिचित आहे असे म्हणवत नाही.)

कथा सावकाश चालते. अवतरणांची रेलचेल आणि ऑक्सफर्डच्या रीतिरिवाजांची वर्णने यांनी आमच्याकडील वाचक दोन-तीन ठिकाणी पुस्तक मिटून ठेवील, यात शंका नाही. परंतु संशय एखाद्या घरात कसा पसरतो याचे इतके बारीक चित्रण आम्ही क्वचितच वाचले आहे. चहाच्या पेल्यावर बोलता बोलता एक अध्यापिका दुसरीकडे क्षणभर अधिक पाहते. कोणी दाराला कडी लावते आणि कडी लावल्याची लाज वाटून ती पुन्हा काढते. अविवाहित, विद्याव्यासंगी स्त्रियांची मने विकृत होतात हा जगाचा समज त्या स्वतःच एकमेकींविषयी मानू लागतात. चिठ्ठी लिहिणाऱ्या व्यक्तीचे खरे दुष्कृत्य हे आहे, की तिने सर्वांना एकमेकींचे न्यायाधीश बनविले.

हॅरिएट ही या संशयाची जाणकार आहे. १९३० सालच्या ‘स्ट्रॉंग पॉयझन’ या आधीच्या कादंबरीत तिच्यावरच खुनाचा खोटा आरोप येऊन ती फाशीच्या दारापर्यंत गेली होती.

आता रहस्य. प्रार्थनामंदिरात टांगलेल्या एका बाहुल्याला व्हर्जिलच्या काव्यातील लॅटिन ओळी लावलेल्या सापडतात. सर्वांचा निष्कर्ष एकच होतो : लॅटिन जाणणारी, म्हणजे अध्यापिकांपैकीच कोणीतरी. वस्तुतः हे काम ॲनी विल्सन या परिचारिणीचे, खोल्या झाडणाऱ्या, चहा आणून देणाऱ्या नोकर स्त्रीचे असते. तिचा नवरा रॉबिन्सन हा विद्वान होता. आपल्या सिद्धान्ताला बाधक असा एक जुना कागद हाती आला असता त्याने तो दडवून ठेवला. मिस डी वाइन या विदुषीने ती लबाडी उघडकीस आणली. त्याची पदवी गेली, विद्यापीठाची दारे बंद झाली, आणि शेवटी त्याने आत्महत्या केली. विधवा दोन मुलींना घेऊन मोलाने राबू लागली व सूड घेण्यास श्रूस्बरीत आली. लॅटिन तिला नवऱ्याकडून मिळाले होते.

येथे आम्हांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात.

पहिली लेखिकेच्या विरुद्ध आहे. सर्व पुस्तकभर नोकरवर्ग सावलीसारखा वावरतो. त्याला चेहरा नाही. आणि शेवटी अपराधी त्यातच सापडतो. विदुषी निर्दोष ठरतात. झाडू हातात असलेली बाई दोषी ठरते. नोकराकडे कोणी पाहत नाही हेच तिच्या यशाचे कारण होते, हे लेखिकेने चतुराईने दाखविले आहे हे मान्य. पण दाखवून तिने त्याबद्दल कोणासही लाज वाटू दिली नाही. वसतिगृहातून घड्याळ नाहीसे झाले की प्रथम कोणाची पेटी उघडली जाते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. स्वयंपाकीण, शिपाई, आया. आमच्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबांच्या दोन पिढ्यांपूर्वीच्या आठवणी त्या उघडलेल्या पेटीच्या आहेत. असे वाचक ॲनीचा शोध लागल्यावर सुटकेचा श्वास टाकू शकणार नाहीत, आणि टाकू नये.

दुसरी गोष्ट लेखिकेच्या बाजूने आहे, व ती अधिक मोठी आहे. सर्व अध्यापिकांसमोर ॲनीला बोलू दिले जाते. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांविषयीच्या एका कागदाचा प्रश्न, त्याने कोणाचे काय बिघडले. आणि त्यापायी तुम्ही एका जिवंत माणसाचे घर बुडविले : असा तिच्या आक्रोशाचा आशय आहे. सेयर्स या आक्रोशाला वेडाचा झटका म्हणून उडवून लावीत नाहीत. रॉबिन्सनने असत्य लिहिले होते, व ते उघड करणे हे कर्तव्यच होते, या मतावरून त्या तसूभर ढळत नाहीत. आपले काम खोटेपणाने करणे म्हणजे देवाचा अपराध, हा त्यांचा आवडता विचार. दोनच वर्षांनी कॅंटरबरीसाठी लिहिलेल्या ‘द झील ऑफ दाय हाउस’ या नाटकातही तो आहे. परंतु मिस डी वाइन शेवटी स्वतःला दोष देते, आणि तो दोष सत्य सांगितल्याचा नसतो. निकाल दिल्यानंतर त्या माणसाचे पुढे काय झाले, त्याला बायको-मुले होती काय, याची तिने कधी चौकशी केली नाही, हा तो दोष.

आमच्या मते सर्व पुस्तकाचे मोल या एका कबुलीत आहे. पाळक व धर्मशिक्षक यांच्या हाती शिस्तीचा अधिकार असतो. मंडळीच्या हिशेबात अफरातफर केलेल्या कारभाऱ्यास दूर करावे लागते. खोटा दाखला दिलेल्या उपदेशकाचे काम थांबवावे लागते. ते करू नये असे म्हणणारे लोक दयाळू नसतात, बहुधा भित्रे असतात. पण ठराव मंजूर होतो, इतिवृत्तात नोंद होते, घर रिकामे करण्याची मुदत दिली जाते, आणि त्यानंतर त्या घरी कोण जातो? ‘प्रकरण मिटले’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय मिटलेले असते? प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, शिक्षा झालेला मनुष्य अति दुःखाने ग्रासून जाऊ नये म्हणून त्याला क्षमा करून त्याचे सांत्वन करण्याची आज्ञा आहे. शिस्तीविषयीच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायावर आपण जितके प्रवचन करतो तितके या अध्यायावर करीत नाही.

या विचाराला एका वेगळ्या नगरीचा प्रकाश लागू पडतो. उज्जैन ही शिंद्यांची जुनी राजधानी, १८१० पर्यंत त्यांची गादी तेथे होती, आणि आजही तेथील काही घरांत मराठी बोलली जाते. भारतीय वाङ्मयातील अत्यंत प्रसिद्ध असा खुनाचा खटला याच नगरीत घडतो : शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा नववा अंक. देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी रसिकांच्या तो परिचयाचा आहे. वसंतसेनेचा गळा शकार आवळतो आणि न्यायासनापुढे जाऊन आरोप चारुदत्तावर करतो. मग पुरावा कसा जुळत जातो पाहा. वसंतसेनेची आई खरे तेच सांगते. वीरक खरे तेच सांगतो. उद्यानात एका स्त्रीचे प्रेत सापडते. मित्राच्या हातून भर सभेत वसंतसेनेचे दागिने खाली पडतात. जवळजवळ प्रत्येक साक्षीदार प्रामाणिक, अधिकरणिक सज्जन, आणि निष्कर्ष संपूर्ण खोटा. इंग्रजी रहस्यकथेत पुरावा नेहमी सत्याकडे नेतो. उज्जयिनीत तो निरपराध्याला वधस्तंभाकडे नेतो. शिवाय सुटका झाल्यावर, लोक शकाराचा जीव मागत असताना, चारुदत्त त्याला सोडून देतो. श्रूस्बरीच्या सभेत असा माणूस कोणी नव्हता.

उज्जैनच्याच माधव महाविद्यालयात २००६ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थी-संघाच्या निवडणुकीवरून उसळलेल्या गोंधळात राज्यशास्त्राचे प्राध्यापक एच. एस. सभरवाल यांना मृत्यू आला. सर्वोच्च न्यायालयाने खटला नागपूरला वर्ग केला, आणि २००९ साली तेथील न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. ज्यांना न्यायालयाने निर्दोष ठरविले त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु एक अध्यापक सकाळी कामावर गेला आणि परत आला नाही, हे शिल्लक उरते. महाविद्यालयाच्या आवारातील रहस्यकथा वाचून मिटल्यावर जे समाधान वाटते, त्याला येथे जागा नाही. शेवटचे प्रकरणच छापले गेलेले नाही.

अशा प्रसंगासाठी पवित्र शास्त्रात एक विधी आहे, त्यावर प्रवचन झालेले आम्ही कधी ऐकले नाही. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात, शेतात कोणी मारलेला सापडला व मारणारा ठाऊक नसला, तर वडिलांनी व न्यायाधीशांनी बाहेर येऊन भोवतालच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे असे सांगितले आहे. सर्वांत जवळच्या नगराच्या वडिलांनी कालवड घेऊन ओढ्याकाठी जावे, तिच्यावर हात धुवावेत, आपल्या हातांनी हे रक्त पाडले नाही असे म्हणावे, आणि तरीही लोकांसाठी क्षमा मागावी. आम्ही केले नाही असे म्हणणारेच क्षमा मागतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दोरी घेऊन अंतर मोजणारे ते वृद्ध कोणत्याही गुप्तहेराहून आम्हांस मोठे वाटतात. येथे गुन्हेगार सापडत नाही, पण नगरही सुटत नाही.

‘गॉडी नाइट’मध्ये असे अंतर मोजण्यास आरंभ होतो आणि तो मिस डी वाइनपाशीच थांबतो. ॲनीला वैद्यांच्या स्वाधीन केले जाते, आणि लेखिकेचे लक्ष हॅरिएट व लॉर्ड पीटर यांच्या विवाहाच्या प्रश्नाकडे वळते. तो प्रश्न लॅटिन भाषेत सुटतो व पुस्तक संपते. प्रेमकथा म्हणून तो शेवट सुरेख आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र मधल्या एका प्रकरणात ॲनीच्या दोन लहान मुली भेटतात. त्यांपैकी बिअॅट्रिस नावाची मुलगी, मोठी झाल्यावर आपण मोटारसायकल चालविणार, असे हॅरिएटला सांगते आणि आईकडून बोलणी खाते. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना आम्ही शेवटच्या पानांत तिलाच शोधीत होतो.