‘मुळे’ या अव्ययाची किंमत : गर्भकालीन मधुमेह, आहार आणि आतड्यांतील जिवाणू

‘आहारामुळे आतड्यांतील जिवाणू बदलतात आणि त्या जिवाणूंमुळे गर्भवतीची रक्तशर्करा आटोक्यात राहते’, अशा धर्तीचे विधान आरोग्यविषयक लेखनात आता रूढ होऊ पाहत आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. विचार करावयाचा आहे तो त्यात दोनदा आलेल्या ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाचा. मराठीत ‘बरोबर’ हे साहचर्य सांगते, ‘नंतर’ हे क्रम सांगते आणि ‘मुळे’ हे कारण सांगते. शास्त्रीय लेखनात या तीन पायऱ्या होत व प्रत्येकीला निराळा पुरावा लागतो. प्रस्तुत विधान तिसऱ्या पायरीवर उभे आहे. त्याचा पुरावा कोणत्या पायरीवर आहे, हे पाहणे हा या टिपणाचा हेतू.

प्रथम निर्विवाद भाग. गर्भारपणाच्या उत्तरार्धात मुख्यतः वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा प्रभाव घटतो. स्वादुपिंडाला ही तूट भरून काढता आली नाही, तर रक्तशर्करा वाढते. जेवणातील विद्राव्य तंतुमय भाग वाढविला की शर्करेचे शोषण मंदावते व जेवणानंतरची शर्करा कमी चढते. येथे जिवाणूंची मध्यस्थी लागत नाही. तोच तंतुमय भाग मोठ्या आतड्यात पोचल्यावर जिवाणू तो आंबवून लघुशृंखल मेदाम्ले निर्माण करतात आणि इन्शुलिनस्रावास साहाय्य करणाऱ्या आतड्यांतील संप्रेरकांना ही आम्ले चालना देऊ शकतात. म्हणजे एकाच घासाला दोन वाटा फुटतात. आहार बदलल्यावर जिवाणूही बदलले आणि शर्कराही उतरली, एवढ्यावरून सारे श्रेय दुसऱ्या वाटेला देणे म्हणजे ‘आणि’च्या जागी ‘मुळे’ लिहिणे होय.

आता पुराव्याकडे वळू. २०१२ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात ९१ फिनिश गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिसऱ्या तिमाहीतील मलातील जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले असता, पहिल्या तिमाहीतील जिवाणूंच्या तुलनेने, त्या उंदरांची चरबी अधिक वाढली व इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला. येथे ‘मुळे’ शोभते. परंतु वाक्याचा विषय उंदीर आहे, स्त्री नव्हे. शिवाय जिवाणूंतील हा पालट निरोगी गर्भवतींतही आढळला होता. तेव्हा अशा जिवाणूंना सरसकट ‘वाईट’ हे विशेषण लावणे सयुक्तिक नाही.

२०२३ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात इस्रायलमधील ३९४ गर्भवतींचा अभ्यास आला. पुढे मधुमेह झालेल्या ४४ स्त्रियांच्या जिवाणूंत व दाहसूचक घटकांत पहिल्या तिमाहीतच फरक दिसला. ‘बरोबर’कडून ‘नंतर’कडे नेणारे हे मोलाचे पाऊल आहे. तथापि या निबंधाच्या शीर्षकातच जिवाणूप्रेरित दाहाला विकाराचा चालक ठरविले आहे. त्यासाठी दिलेला प्रायोगिक आधार मात्र पुन्हा उंदरांचाच आहे. शीर्षकातील क्रियापद पुराव्याच्या एक पायरी पुढे गेले आहे, असे म्हणणे भाग आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ‘मुळे’चा अधिकार देऊ शकतात ते यदृच्छ वाटणीने केलेले प्रयोग. फिनलंडमधील तुर्कू येथील २५६ स्त्रियांच्या २०१० मधील प्रयोगात आहारसल्ल्यास प्रोबायोटिकची जोड दिलेल्या गटात गर्भकालीन मधुमेहाचे प्रमाण शेकडा १३ होते. आहारसल्ला व औषधहीन कॅप्सूल मिळालेल्या गटात ते ३६ आणि तुलनागटात ३४ होते. आशा पल्लवित होण्यास एवढे पुरेसे होते. परंतु ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे अधिक वजनाच्या ४११ स्त्रियांवर त्याच दोन जिवाणूंचा प्रयोग झाला. त्याच्या २०१९ मधील निष्कर्षांत प्रोबायोटिक घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा १८.४, तर न घेणाऱ्यांत १२.३ भरले, हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता, पण लाभाची ग्वाही त्यातून खचितच निघत नाही. त्याच वर्षी तुर्कू येथील अधिक वजनाच्या ४३९ स्त्रियांच्या निराळ्या प्रयोगातही प्रोबायोटिकने मधुमेहाचा धोका कमी झाला नाही. २०१० च्या प्रयोगात वजनाची अट नव्हती, हा भेद लक्षात घेतला तरी सार्वत्रिक विधानास येथे आधार उरत नाही.

हा काथ्याकूट केवळ वैयाकरणाचा छंद आहे, असे कोणी समजू नये. हे निदान बहुधा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होते. पुढे हाती उरतात ते थोडे आठवडे. त्या काळात सैल हाताने लिहिलेल्या ‘मुळे’वर विसंबून एखादीने शर्करेची तपासणी, आहाराचे नियमन किंवा इन्शुलिन यांच्या जागी कॅप्सूलची बाटली ठेवली, तर त्या अव्ययाची किंमत तिला व तिच्या गर्भाला मोजावी लागेल. ‘तुझ्या खाण्यामुळेच हे झाले’ हा घरोघरी दिला जाणारा दोषही त्याच अव्ययावर उभा असतो; वारेच्या संप्रेरकांचा त्यात उल्लेखही नसतो.

आजच्या पुराव्यास पेलेल असे वाक्य एवढेच : ‘योग्य आहाराने गर्भवतीची शर्करा आटोक्यात येण्यास मदत होते, त्याबरोबर आतड्यांतील जिवाणूही बदलू शकतात.’ यातील ‘त्याबरोबर’ खोडून तेथे ‘त्यामुळे’ लिहिण्याचा अधिकार पुढील प्रयोगांनी मिळवावयाचा आहे; लेखकाने तो आधीच घेऊ नये.